गावाला नास्तिक पाहिजे

सुपा

देव मानत नाही म्हणून मला आजवर पुष्कळ बोलणी बसली. पण त्याच गुणासाठी कुणी आग्रहाने पाहुणचाराला बोलावलं, असं चौपन्न वर्षांत एकदाच झालं. ज्या गावाने बोलावलं त्याचं नाव लिहिणार नाही, तसं कबूल करून आलेय. राजूरच्या पुढे, जीपने तासभर, एवढं पुरे.

मी सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात माल तपासते. पार्ट मापात असेल तर पास, नसेल तर लाल डब्यात. खंडेनवमीला सगळे आपापल्या मशीनला हळद-कुंकू वाहतात आणि मी माझ्या व्हर्निअरला, म्हणजे माप घ्यायच्या पट्टीला, कुणाला बोट लावू देत नाही. जबड्यात कुंकू अडकलं की माप चुकतं, एवढंच माझं म्हणणं. पण त्यावरून अख्ख्या शेडमध्ये मी 'नास्तिक मॅडम' झाले. गेल्या खंडेनवमीला लेथवरचा दत्तू माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. मला वाटलं पेढा द्यायला आला असेल.

"मॅडम, तुमी खरंच देव मानत न्हाई, का नुसतं म्हनता?"

"का रे? भांडायचंय का?"

"न्हाई मॅडम. आमच्या बापाची सुटका करायचीय."

मग त्याने जे सांगितलं ते ऐकताना माझा चहा गार झाला. दत्तूच्या गावात भैरोबाच्या देवळापुढे घागरीएवढा एक गोल गोटा आहे. गावाचं काही अडलं, म्हणजे विहीर कुठे खणायची, शाळा कुणाच्या रानात बांधायची, की त्या गोट्यावर दोन्ही तळहात ठेवून देवाला विचारायचं. गोटा उजवीकडे फिरला की होय, डावीकडे फिरला की नाही. इथपर्यंत ठीक आहे, अशी देवळं इतरही असतील. पण या गावचे पूर्वज महाबेरकी. भक्ताने हात ठेवला तर तो गोटा आपल्याला हवा तिकडे लोटणार, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून हात ठेवायचे ते देव न मानणाऱ्यानेच. त्या माणसाला गावात 'कोरा' म्हणतात. कोऱ्याने देवळाची पायरी चढायची नाही, हात जोडायचे नाहीत, प्रसाद तोंडात घालायचा नाही. त्या बदल्यात भात निघाला की घराघरातून त्याला पायलीभर भात मिळतो.

दत्तूचे वडील चिंधूबाबा पन्नास वर्षं गावचे कोरे. दोन पावसाळ्यांपूर्वी दत्तूच्या आईला, ठकूबाईंना, भाताच्या खाचरात साप चावला. जीपमधून राजूरला दवाखान्यात नेताना म्हाताऱ्याच्या तोंडून भैरोबाचं नाव सुटलं. ठकूबाई वाचल्या. तेव्हापासून चिंधूबाबा मनातून देवभक्त आणि गावच्या लेखी मात्र कोरेच.

"बाप म्हनतो, मरायच्या आदी एकदा आत जाऊन पाया पडायचंय," दत्तू म्हणाला. "पन गावानं मोकळं केल्याबिगर जाता येईना. मोकळं करायचं का, हे बी गोट्यालाच इचारावं लागतं. आन इचारनार कोन? दुसरा कोराच पायजे. त्यो सापडंना."

शोध त्यांनी कसून केला होता. संगमनेरहून एक प्राध्यापक आणले, ते गोट्यापुढे बसले आणि घाबरून रामरक्षा पुटपुटायला लागले. एक डॉक्टर जवळजवळ पसंत पडले होते, पण त्यांच्या गाडीखाली लिंबू-मिरची लटकलेली निघाली.

खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली. मी येते म्हणून सांगितलं. दत्तूला सोबत यायला दोन दिवस सुट्टी हवी होती. ती मात्र मीच मिळू दिली नाही, माल पाठवायची घाई होती. म्हणून माझ्याबरोबर माझ्या नणंदबाई आल्या, कुसुमवन्सं. वन्सं म्हणजे धर्माचं चालतं दुकान. संकष्टी, एकादशी, सोळा सोमवार, काही सोडत नाहीत. "तू देव नाही म्हणायला जा, मी देव बघायला येते," असं म्हणून त्यांनी पिशवी भरली.

राजूर

पारनेर, आळेफाटा, संगमनेर, अकोले हा सगळा प्रवास धक्के आणि डुलक्यांचा, तो गाळते. पण आमच्या सुप्याच्या बाजूला कुसळं आणि धोंडे बघून गेलेल्या डोळ्यांना अकोल्याच्या पुढचं हिरवं सहनच होत नाही. मार्गशीर्ष लागला होता, तरी ओढ्यांना पाणी! मला तर रागच आला. एकाच जिल्ह्यात हा पंक्तिप्रपंच. आमच्याकडे टँकरची वाट बघायची आणि इथे बाया पाण्यात पाय सोडून गप्पा मारतायत.

राजूरला बाजाराचा दिवस होता. वन्संनी भैरोबासाठी पेढे घेतले आणि जीपची वाट बघताना त्यातले चार आम्ही खाल्ले. "आधी देवाला नको का?" मी मुद्दाम विचारलं. "चांगले आहेत का ते बघायला नको?" वन्सं म्हणाल्या आणि पाचवा उचलला.

जीपमध्ये आम्ही सोळा माणसं आणि एक बोकड होतो. मी कोण, कशाला चालले, हे ड्रायव्हरला आधीच ठाऊक होतं. त्याने मला पुढची जागा दिली आणि समोर चिकटवलेल्या गणपतीवर रुमाल टाकला.

"तुमच्यावर परिणाम नको व्हायला," तो म्हणाला.

गावात

गावाच्या वेशीवरच ठकूबाई तांब्या घेऊन उभ्या होत्या. हाडकुळ्या, हसऱ्या, बोलायला फटकळ. पाय धुवायला पाणी दिलं, वन्संना हळद-कुंकू लावलं, मग माझ्याकडे वळल्या. त्यांचं बोट माझ्या कपाळापाशी आलं तेवढ्यात मागून दहा माणसं ओरडली, "न्हाई, न्हाई! त्यांना नगं!"

ठकूबाईंनी हात मागे घेतला. कारण मला कळत होतं. पण सवाष्ण बाई दारात उभी आणि तिला कुंकू नाही, हे काळजाला लागलंच. हीच मी सुप्यात हळदीकुंकवाची आमंत्रणं टाळते.

त्यांच्या घरात माझी जी बडदास्त ठेवली होती, ती कुठल्या संतांचीही कुणी ठेवली नसेल. भिंतीवरची देवांची कॅलेंडरं उलटी करून टांगलेली, त्यामुळे तारीख कुणालाच कळत नव्हती. देव्हाऱ्यावर गोणपाट. देऊळ नजरेस पडू नये म्हणून माझी खाट तोंड फिरवून ठेवलेली. सकाळी पाचला मी सवयीने जागी झाले आणि चक्रावले. भोंगा नव्हता! सुप्यात पाच वाजता एकीकडून भक्तिगीत, दुसरीकडून आरती सुरू होते. इथे माझ्यासाठी सगळ्या गावाने भोंगा बंद ठेवला होता. इतकी शांत सकाळ मी वर्षानुवर्षं ऐकली नव्हती.

जेवण मात्र मनापासूनचं. नागलीची काळी भाकरी, खुरासणीची चटणी, वालाची आमटी आणि नव्या तांदळाचा मऊ भात. आमची बाजरी पोटाला धरते. ही नागली जिभेवरून कधी सरकली ते समजलंही नाही. वन्संचा उपवास होता, तरी त्यांनी 'नागली उपवासाला चालत असेल' असा निवाडा स्वतःच देऊन दोन भाकऱ्या खाल्ल्या.

चिंधूबाबा जेवताना माझ्याकडे टक लावून बसले होते. काटक, पांढऱ्या मिश्या, गुडघ्यावर हात. जेवण झाल्यावर जवळ सरकले.

"बाई, पक्क्या हाय ना तुमी?"

"पक्की आहे, बाबा."

"न्हाई, आयत्या येळंला हात जोडू नका. लई आशेनं बोलिवलंय. पन्नास वर्सं ही आत जाती आन मी भायेर चपला राखीत बसतो. एकदा तिच्या शेजारी हुबं ऱ्हायचंय, बस."

"माझ्यापायी म्हनत्यात," ठकूबाई चुलीजवळून म्हणाल्या. "मी म्हनलं, अवो, मला डाक्टरनी सुई टोचली म्हनून वाचले. भैरोबा काय जीपमदी बसला हुता?"

"बसला हुता!" बाबा कडाडले. "ड्रायव्हरच्या शेजारी!"

रोज देवळात जाणारी बायको डॉक्टरला मानते आणि देव न मानण्याचा भात खाणारा नवरा भैरोबाला जीपमध्ये बघतो. मी कुणाच्या बाजूने बोलावं ते मला सुचेना. पण म्हाताऱ्याला आत पाठवल्याशिवाय सुप्याला परतायचं नाही, हे मी तिथेच ठरवलं.

परीक्षा

गोट्याला हात लावण्याआधी परीक्षा असते, हे मला दत्तूने सांगितलं नव्हतं. शाळेच्या पडवीत पाच पंच बसले होते. विचारणारे सावळेराम गुरव, देवळाचे पुजारी. चष्म्याला दोरी बांधलेली, आवाज अगदी मवाळ. पुढे चिंधूबाबा उकिडवे बसले होते, जणू निकाल त्यांचाच होता. तसा तो होताच म्हणा.

"देव न्हाई आसं का वाटतं तुमाला?" गुरवांनी विचारलं.

हा प्रश्न मला पाठ होता. मी ऐटीत सांगितलं, "मी तपासनीस आहे. जे मापात सापडत नाही ते मी पास करत नाही."

"म्हंजी सापडला तर मानाल?"

"हो. का नाही?"

गुरवांनी पंचांकडे बघितलं. "शोधत्यात," ते म्हणाले आणि पंचांनी माना हलवल्या.

मी जरा गडबडले. मग दुसरं अस्त्र काढलं. जगात लहान लेकरं आजारी पडतात, चांगली माणसं तळमळत मरतात, आणि लबाड मात्र ढेकर देत हिंडतात. असा कसला हा देव? आवाज चढला, टेबलावर हात आपटला. पंचांपैकी एकाने मला पाणी दिलं.

"राग लई हाय," गुरव म्हणाले. "कुनावर हाय?"

"कुणावर म्हणजे? देवावरच!"

"आन त्यो तर न्हाईये म्हनता."

वन्सं मागे खुसखुसल्या.

"बाई, कवापासनं मानत न्हाई?" गुरवांनी अगदी हळू विचारलं.

हे मी कुणाला सांगत नाही. पण त्या माणसाचा आवाजच तसा. सांगून बसले. मी बावीस वर्षांची होते. आई अंथरुणाला खिळली होती. मी एकवीस मंगळवार अनवाणी देवीला जाईन म्हटलं होतं. अठरावा मंगळवार झाला आणि बुधवारी आई गेली. उरलेले तीन मंगळवार मी गेले नाही, ते आजतागायत.

मग गुरवांनी चष्मा काढला.

"ह्यो कोरा हात न्हाई. ह्यो अबोला हाय. घरातल्या मानसासंगं धरत्यात तसा. परक्यासंगं कोनी अबोला धरतं का?"

"म्हणजे मी नापास?"

"नापास."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागाने आलं, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. आयुष्यभर ज्या गोष्टीवरून नातेवाइकांत घसा बसेस्तोवर भांडले, तीत मला एका देवळाच्या पुजाऱ्याने लाल डब्यात टाकलं होतं. आणि समोर चिंधूबाबांची मान खाली गेली होती, ते तर बघवेना.

तेवढ्यात वन्सं उठल्या. माझ्यासाठी भांडायला! माझ्याशी उभा जन्म वाद घालणारी बाई पदर खोचून पुढे आली. "हे बघा गुरव, आमची ही नंदा पक्की नास्तिक आहे. दिवा लावत नाही, आरतीला उभी राहत नाही. हिच्यासारखी नास्तिक तुम्हाला नगर जिल्ह्यात मिळायची नाही!"

"आन तुमी?" गुरवांनी विचारलं. "तुमी मानता?"

"म्हणजे काय! चाळीस वर्षं संकष्टी करतेय."

"कशापायी?"

"कशापायी म्हणजे? सासूबाई करायच्या. शिवाय साबुदाण्याची खिचडी माझ्या हातची सगळ्यांना आवडते."

"देव हाय का न्हाई?"

वन्संनी थोडा विचार केला. प्रामाणिक बाई. "आता ते मी कधी विचारलंच नाही बघा. असला तर बरंच आहे. नसला तर आपलं काय अडतंय? खिचडी व्हायची थांबते का?"

पंच सरसावून बसले.

"त्याच्यावर कदी चिडला?"

"त्याच्यावर कशाला चिडू? घरात सून आहे ना."

"कदी काय मागितलं?"

"आमचे हे सगळं आणून देतात. बिचाऱ्या देवाला कशाला त्रास?"

"रात्री कदी भ्या वाटलं, तवा त्याचं नाव घेतलं?"

"मी पडल्या पडल्या झोपते."

गुरव उठले. वन्संचे दोन्ही हात त्यांनी आपल्या हातात घेतले, उलटसुलट केले आणि पंचांना दाखवले. "कोरा करकरीत," ते भारावून म्हणाले. "आसा हात आमच्या आज्याच्या येळंपासनं कोनी बघितला नसंल."

"अहो पण कुंकू लावलंय त्यांनी!" मी ओरडले. "मग माझ्यासाठी कॅलेंडरं कशाला उलटी केली?"

"कपाळाला लागलं तर चालतं," गुरव म्हणाले. "मनाला लागाया नगं."

वन्सं हादरल्या होत्या. सोळा सोमवार, एकादश्या, सगळं जमेस धरून वर हा शेरा! तोंड एवढंसं झालं. पण कोऱ्याला पायलीपायली भात मिळतो हे कळल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि तो इंद्रायणी असतो का, एवढं विचारून घेतलं.

गोटा

देवळापुढच्या अंगणात सगळं गाव गोळा झालं. गोटा गुळगुळीत, काळा, एका चपट्या दगडाच्या खोलगटात बसवलेला. वन्संना गुडघ्यांमुळे उकिडवं बसता येईना, मग पाट आणला. त्यांनी तळहात टेकले आणि गुरवांनी सांगितलं तसं मोठ्याने विचारलं, "भैरोबा, चिंधूबाबांना मोकळं करायचं का?"

गोटा हलला नाही.

आम्ही थांबलो. चिंधूबाबा पायरीच्या खाली हात बांधून उभे होते, ठकूबाई वरच्या पायरीवर. दोघांमध्ये चार पायऱ्या होत्या. म्हातारा पापणी न लवता गोट्याकडे बघत होता. वन्संनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. मी मुठी आवळून मनात म्हणत होते, फिर की रे मेल्या, एकदा फिर, काय जातंय तुझं! आणि मग माझी मलाच लाज वाटली, की बाई गं, हे तू कुणाला म्हणतेयस?

"अजून किती वेळ?" वन्संनी विचारलं. "मुंग्या आल्या हाताला."

"आसा कसा फिरंना?" चिंधूबाबा शेवटी फुटलेच. "माझ्या हाताखाली तर लगीच फिरायचा!"

आणि माझ्यातली तपासनीस जागी झाली. कुठे काय बोलावं याचा पोच मला नाही, हे आमचे साहेबही सांगतात. मी मोठ्याने बोलून गेले, "ज्या हाताला काहीच नकोय, त्या हाताखाली गोटा फिरतच नाही. बाबांच्या हाताखाली फिरायचा, म्हणजे बाबांना काहीतरी हवं असायचं. बाबा कोरे नव्हतेच."

सगळ्या गावाने एकदम मान वळवून विहिरीकडे बघितलं, मग शाळेकडे, मग रस्त्याकडे. तीनही गोष्टी चिंधूबाबांच्या हाताखाली ठरलेल्या.

"चिंधू," गुरवांनी विचारलं, "हीर वरच्या आळीला व्हावी आसं तुला वाटत हुतं?"

बाबा ओशाळले. "वाटत हुतंच की. वरच्या बायांचे लई हाल व्हायचे. मी मनात म्हनायचो, आता तूच बघ बाबा."

"तूच म्हंजी कोन?"

चिंधूबाबांचे डोळे देवळाच्या दाराकडे गेले.

पंच बाजूला जाऊन कुजबुजले. विहिरीचं पाणी गोड लागलं होतं, शाळाही बरी चालली होती, तेव्हा जुनं उकरायचं नाही असं ठरलं. मग गुरवांनी निवाडा दिला. चिंधू कधीच कोरा नव्हता. आणि जो कोरा नव्हता त्याला मोकळं करायचा प्रश्नच येत नाही. तो पहिल्यापासून मोकळाच आहे, केव्हाही आत जाऊ शकत होता.

"मग कोऱ्या हाताखाली गोटा फिरत नसंल तर पुढं इचारायचं कुनी?" गर्दीतून कुणीतरी विचारलं. पंच उठून धोतर झटकायला लागले.

मला वाटलं म्हातारा आनंदाने नाचेल. तो उलट पंचांवर धावून गेला.

"पैल्यापासनं मोकळा? मग पन्नास वर्सं मला भायेर कशापायी बशिवला?"

बाबांनी चपला दोन दिशांना भिरकावल्या, चारही पायऱ्या एका दमात चढले, बायकोच्या शेजारून तसेच पुढे गेले आणि गाभाऱ्यात शिरले. आतून आवाज यायला लागला. शब्द कळत नव्हते, पण कुणीतरी कुणालातरी धारेवर धरलंय एवढं कळत होतं. गुरवांनी दारातून डोकावून बघितलं आणि माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"भांडतोय," ते म्हणाले. "बरं हाय. तुमी तर बोलतच न्हाई."

देव आहे असं मला अजूनही वाटत नाही. पण त्या तीन मंगळवारांचा राग मी कुणाच्या तोंडावर फेकायला इतकी वर्षं जपून ठेवलाय, याचा जाब मला देता येईना. आणि आत शिरून भांडणाऱ्या त्या म्हाताऱ्याचा मला चक्क हेवा वाटला.

पुष्कळ वेळाने आवाज थांबला. ठकूबाई आत गेल्या. दोघं शेजारी शेजारी उभी असलेली मला अंगणातून दिसली. बाबांना हात कसे जोडायचे तेही धड येत नव्हतं. बोटं एकमेकांत अडकवून उभे होते. ठकूबाईंनी ती सोडवली, सरळ केली आणि जुळवून दिली.

मग दोघं बाहेर पायरीवर येऊन बसली. ठकूबाईंनी पदरातून खोबऱ्याचा तुकडा काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. बाबांनी तो निरखला, वास घेतला, तोंडात टाकला. सगळं गाव त्यांच्या जबड्याकडे बघत होतं.

"अगं, खवट हाय की ह्ये," ते म्हणाले.

"दर साली खवटच आसतंय," ठकूबाई म्हणाल्या.

"आन मला कदी बोलली न्हाईस ते?"

"तुमी भायेर बसलेले. तुमाला काय म्हनून सांगायचं?"

चिंधूबाबा बराच वेळ चावत राहिले. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. मग त्यांनी तळहात पुन्हा बायकोपुढे धरला.

"दे आजून."